भिंत होईपर्यंत

माझ्या वडिलांना आमच्या घरी आणायचं तर त्यांना काहीतरी काम द्यावं लागेल, हे आधी माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. मी आपली नुसती भांडत होते. राग माझ्या नाकावरच असतो, आणि वडिलांशी बोलताना तर तो एका शब्दावर बाहेर पडायचा. "तुम्ही माझ्याकडे राहायला का येत नाही?" असं मी त्यांना दर रविवारी विचारायचे, आणि दर रविवारी ते "बघू की माय" म्हणून चुलीतलं लाकूड आत सारायचे.

ते सिल्लोडच्या पुढे एका आडगावात राहत होते. एकटेच. संक्रांतीच्या आधी आई गेली होती. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. धाकटी लग्न होऊन लांब सुरतेला. जमीन चुलतभाऊ करत होता, त्याचं घरही गल्लीच्या पलीकडेच होतं, पण त्याच्या बायकोला रोजचा त्रास नको म्हणून दादा आपल्या हातानेच भाकरी थापायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची भाकरी तव्यावर टाकतानाच मोडायची. मग तिचे तुकडे तसेच भाजून ते ताकात कुस्करून खायचे आणि मला सांगायचे की मला असंच आवडतं. मनगटावर तव्याचे चटके दिसायचे. ते विचारलं की बाही खाली ओढायचे.

आमच्याकडे जुनी पद्धत अशी की मुलगी दिली की तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. तिला मूल झालं की ही पद्धत जरा सैल होते. माझी मुलगी झाली तेव्हा दादा पहिल्यांदा माझ्या घरी जेवले, आणि जेवताना सारखे दाराकडे बघत होते. पण मुक्काम? त्याचं नाव काढायचं नाही. शहरात बाजाराला आले, दवाखान्याला आले, तरी संध्याकाळची सिल्लोडची एसटी त्यांनी कधी चुकवली नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन इथेच झालं. डोळ्यावर पट्टी, धड चालता येत नव्हतं, माझं घर रिक्षाने जवळच. तरी त्यांनी तिला त्याच संध्याकाळी एसटीत बसवलं. ती खिडकीतून मला हात करत होती, पण पट्टीमुळे तिचा हात माझ्याऐवजी शेजारच्या चिवडेवाल्याकडे जात होता. तो राग मी अजून गिळलेला नाही.

आई गेल्यावर महिना-दीड महिन्यात चुलतभाऊ शाळेत मला भेटायला आला. मी तेव्हा उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवत होते. तो म्हणाला, "ताई, काका इहिरीपाशी चक्कर येऊन पडले व्हते. तुला सांगू नको म्हणले, म्हून सांगायला आलो." त्या दिवशी पोरांना मी काय शिकवलं, देव जाणे.

घरी येऊन मी नवऱ्यावरच ओरडले, कारण समोर तोच होता. तो वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, दिवसभर यंत्रांचा आवाज ऐकायची सवय असल्यामुळे माझ्या आवाजाने त्याला काही होत नसे. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तू त्यांना राहायला बोलावतेस. ते राहायला कधीच येणार नाहीत. कामाला बोलाव."

आणि काम खरंच होतं. गारखेड्यातलं आमचं घर उतारावर होतं. मागचं अंगण स्वयंपाकघराच्या दारापासून वर चढत जायचं, आणि दर पावसाळ्यात वरची माती आणि मुरूम वाहत खाली यायचा. भांडी घासायची फरशी चिखलाने भरायची, दार उघडलं की चिखल आत. तिथे आडवी एक बुटकी भिंत घालून वर माती अडवायची, म्हणजे वरचा तुकडा सपाट होईल आणि खालचं दार कोरडं राहील, असं आमच्या मनात बरेच दिवस होतं. मिस्त्री यायचे, बघायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत.

पुढच्या रविवारी नवरा माझ्याबरोबर गावी आला. दादांपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मामा, मागच्या अंगणाची माती सगळी घरात येते. भिंत घालायची आहे. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर भरवसा नाही. तुम्ही आलात तर बरं होईल."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी पापणी हलवली नाही.

"किती दिसाचं काम हाये?"

"ते तुम्ही बघूनच सांगा."

दादांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "येतो पाव्हणं. पर काम हाये तवर राहीन. काम झालं की एक रात बी थांबायचा नाय. आधीच सांगून ठिवतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवऱ्याने माझा पाय दाबला.

भिंत दगडाची करायची असं आधी ठरलं होतं. पण तेव्हा आमच्या शहराकडे, त्या वेळच्या औरंगाबादकडे येणारी मनमाडची अरुंद रुळांची लाईन जाऊन रुंद रूळ आले होते, आणि जुन्या रुळांखालची लाकडं लाकडाच्या वखारींमध्ये रचून पडली होती. काळीकुट्ट, जड, डांबराच्या वासाची. वखारवाले त्यांना सिलिपाट म्हणत. दादा आले त्याच दिवशी नवरा त्यांना घेऊन वखारीत गेला, मीही गेले. वखारीचे म्हातारे मालक बाजेवर बसून विडा लावत होते. म्हणाले, "लेके जाव बाई. निजामके जमानेकी लकडी है. पानी पडो, धूप पडो, इसकू कुछ होता नै."

दादा एका सिलिपाटापाशी खाली बसले. रूळ ठोकायच्या खिळ्यांची भोकं त्यात तशीच होती. त्यांनी भोकात बोट घातलं. "पोलिस ॲक्शन झाली तवा म्या गुरं वळत व्हतो," ते म्हणाले. "त्याच्या मागून बापानं पहिल्यांदा शहर दाखवायला आणलं. टेसनावर उभं राहून गाडी पाह्यली. ती याच लाकडावरून गेली असंल." मग उठून, हात धोतराला पुसून, वखारवाल्यांना म्हणाले, "चाचा, तडकलेलं एक बी देऊ नका." आणि दगडाची भिंत लाकडाची झाली.

दादांचं ऐटीत काम सुरू झालं. अंगणात त्यांनी सुतळी ताणली, पहार घेतली आणि चर खणायला लागले. वरवरची माती मऊ, पण वीतभर खाली मुरूम. पहारेचा खणखण आवाज सकाळी मी शाळेसाठी वेणी घालत असताना सुरू व्हायचा. मी दुपारी परत यायचे तेव्हा ते पेरूच्या सावलीत बसून पाणी पीत असायचे. माझ्या घरचं पाणी, तांब्याला तोंड लावून. मी काही बोलायचे नाही. बोलले असते तर त्यांना आठवलं असतं.

चरात पहिला थर बसवायचा दिवस मात्र तमाशाचाच झाला. एक सिलिपाट उचलायला आम्ही तिघं लागायचो. दोराचा फास घालून, एका टोकाला दादा, एका टोकाला नवरा, आणि मध्ये मी फक्त "सांभाळा, सांभाळा" म्हणायला. नवऱ्याकडे कारखान्यातलं लेव्हल बघायचं यंत्र होतं, काचेच्या नळीत बुडबुडा असलेलं. तो ते सिलिपाटावर ठेवायचा आणि बुडबुड्याकडे असा बघत बसायचा की मला वाटायचं, आता हा त्याला दूध पाजणार. दादा तोवर ताटलीत पाणी घेऊन यायचे आणि ती लाकडावर ठेवायचे. दोघांचं उत्तर एकच यायचं. तरी दोघंही आपापलं बघितल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

सिलिपाटं एकावर एक रचली की खिळ्यांच्या जुन्या भोकांतून लोखंडी सळया खाली जमिनीत ठोकायच्या, ही नवऱ्याची युक्ती. दादांना ती फार आवडली. भोकं तयारच आहेत याचा त्यांना इतका आनंद झाला की आल्या-गेल्याला ते भोकं दाखवायचे. घण घालताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की आई गेल्यापासून तो मी पाहिलाच नव्हता. डांबराचा वास त्यांच्या हातांना असा चिकटला होता की भाकरी मोडताना मलाही यायचा. साबण लावा म्हटलं तर म्हणायचे, "कामाच्या माणसाच्या हाताला वास येतोच की."

कामाचा माणूस हा शब्द त्यांनी धरूनच ठेवला होता. गल्लीत कोणी विचारलं, "काय काका, लेकीकडे राहायला आलात का?" की ते घाईघाईने सांगायचे, "नाय नाय, राहायला नाय. भिंतीच्या कामाला आलोय." निजायचे पुढच्या ओट्यावर. मी आतल्या खोलीत पलंग घातला होता, मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. दादा त्या पलंगावर दिवसाही टेकले नाहीत. खोलीत जाऊन ते फक्त तिच्या टेबलावरची धूळ आपल्या पंच्याने झटकून यायचे.

मग समोरच्या बाई आल्या. नवीनच राहायला आलेल्या, आम्हाला नीट ओळखत नव्हत्या. मी दारात निवडण घेऊन बसले होते. त्या कौतुकाने आत वाकून म्हणाल्या, "तुमचा मिस्त्री फार चांगला आहे हो. वयस्कर आहे, पण हात किती साफ! आमच्याकडेही कंपाउंडचं काम आहे. रोज काय घेतो?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ते माझे वडील आहेत." बाईंचा चेहरा पडला. बिचाऱ्या माफी मागत मागत निघून गेल्या, आणि पुढे कितीतरी दिवस समोरून आल्या की पदर सारखा करायच्या. मी फणफणत मागे गेले. दादांनी सगळं ऐकलं होतं. ते घणावर हात ठेवून हसत होते. आवाज न करता, खांदे हलवून.

"कामून ओरडलीस तिच्यावर?" ते म्हणाले. "मिस्त्री म्हणली ना? बरोबर म्हणली. मला तर लई बरं वाटलं."

मला ते तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या दारात माझा बाप मजूर म्हणून ओळखला गेला की त्याला सुख, आणि बाप म्हणून ओळखला गेला की लाज. हे कुठलं शास्त्र? मी आत जाऊन भांडी आपटली. भांड्यांचा आवाज ऐकून नवरा म्हणाला, "ते हसले ना? मग झालं." त्याचं सगळं असंच झालेलं असतं.

पण त्या दिवसानंतर मला एक कळलं होतं. भिंत संपली की दादा जाणार. म्हणजे भिंत संपता कामा नये.

मी कामाला लागले. पहिल्यांदा म्हणाले, दादा, भिंत पेरूपाशीच का थांबवताय, पुढे कुंपणापर्यंत न्या ना. त्यांनी नेली. मग म्हणाले, वर चढायला पायऱ्या हव्यात. त्यांनी सिलिपाट कापून पायऱ्या केल्या. कापताना आत राहिलेल्या खिळ्याला लागून करवतीचे दात गेले, नवीन करवत आणायला मी जाणीवपूर्वक दोन-चार दिवस विसरले. मग म्हणाले, वरचा तुकडा मुरमाचा राहिला तर तिथे काय उगवणार, काळी माती टाकायला हवी. त्यांनी ट्रॅक्टर सांगून ट्रॉलीभर काळी माती आणवली आणि घमेल्याने वर नेऊन भिंतीमागे भरली, पायाने दाबली. नवरा एक दिवस चहा पिताना म्हणाला, "या हिशोबाने आपली भिंत दौलताबादला पोचते." मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही. पण त्याला कळलं होतं. पुढच्या रविवारी त्यानेच दादांना विचारलं, वर बसायला एक बाक होईल का.

बाक झाला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. सिलिपाटं संपली, मातीचं शेवटचं घमेलं पडलं, दादांनी पहार धुतली. भिंत गुडघ्याच्या वर येत होती, सरळ, काळी, उन्हात चमकणारी. मला इतका सुंदर वाईट दिवस आठवत नाही. दादांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालं पाव्हणं तुमचं काम." मी म्हणाले, "आता बाजूच्या..." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माय, झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. मी स्टँडवर सोडायला गेले होते. मी त्यांना सरळ म्हणाले, "मी मुलगा असते तर तुम्ही राहिला असता." गाडी लागली, ते चढले, खिडकीतून म्हणाले, "वरच्या मातीत पाऊस पडल्याबिगर काय लावू नको." आणि गेले. मी घरी येऊन त्या नव्या बाकावर बसून रडले. रागाने रडले, दुःखाने रडले, आईच्या पट्टीचंही त्यातच रडून घेतलं.

मृगाचे दोन-तीन पाऊस भिंतीने छान झेलले. स्वयंपाकघराचं दार कोरडं होतं. मग आषाढात एकदा सलग दोन दिवस झड लागली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर भिंत मधोमध पुढे झुकलेली. काळी माती फुगून भिंतीवरून बाहेर आली होती, सळया वाकल्या होत्या. बघता बघता मधली दोन सिलिपाटं धप्पदिशी फरशीवर आली आणि मागून चिखलाचा लोट आला. पुन्हा सगळा चिखल माझ्या दारात.

आणि मी, खरं सांगते, हसले. इतकी हसले की नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला. मी त्याला म्हणाले, "भिंत पडली!" त्याने भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मग फोन कर."

दादांच्या गावात तेव्हा फोन किराणा दुकानात होता. मी निरोप ठेवला, भिंत पडली म्हणून सांगा. संध्याकाळी ते दारात हजर, धोतर पोटरीपर्यंत भिजलेलं. सरळ मागच्या अंगणात गेले, पडलेल्या सिलिपाटांपाशी उभे राहिले. मला वाटलं होतं, त्यांना फार वाईट वाटेल. पण ते शांत होते. काठीने माती खोचून बघितली आणि म्हणाले, "आता वल्ल्यात काय करता येत नाय. ही माती वाळली पाह्यजे. दिवाळी झाल्यावर बघू."

"म्हणजे तोवर?"

"तोवर ध्यान ठिवाया लागंल. उरलेली बी पडंल न्हायतर."

माझा जीव भांड्यात पडला. दिवाळीपर्यंत! श्रावण, पोळा, गणपती, नवरात्र, सगळे सण दादांनी माझ्या घरी केले. रोज सकाळी चहा घेऊन ते मागे जायचे, मातीत काठी खोचायचे आणि आत येऊन जाहीर करायचे, "अजून वल्लीच हाये." जसा काही त्यांना पगार होता त्याचा. ओट्यावर पावसाची झड यायला लागली म्हणून एके दिवशी मी त्यांची वळकटी उचलून आतल्या खोलीत ठेवली, तर ते ओरडले नाहीत. चटके गेले, अंगावर थोडं मांस आलं. चक्कर एकदाही आली नाही.

पण माझ्या मागे एक नवीन काळजी लागली. नवऱ्याने कारखान्यात कुणाला तरी भिंतीची गोष्ट सांगितली, तर तो माणूस म्हणाला की भिंतीमागे पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवली नसेल. काळी माती पाणी पिऊन फुगते, पाण्याला जागा नाही मिळाली की भिंतीला ढकलते. नवऱ्याने वाकून बघितलं. खरंच, कुठेही वाट नव्हती. ना भोक, ना मागे खडी. त्याने मला हळूच सांगितलं, आणि म्हणाला, "मला नाही सुचलं, मी यंत्रातला माणूस. पण मामांनी जन्मभर बांध घातले. सांडव्याशिवाय बांध घालत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलंय एकदा."

सांडवा म्हणजे शेताच्या बांधातून जास्तीचं पाणी निघून जायला ठेवलेली दगडी वाट. मला लहानपणापासून माहीत होता, आम्ही त्यात पाय सोडून बसायचो. आणि दादा तो विसरले? माझ्या मनात नको ते यायला लागलं. आईच्या मागे त्यांचं डोकं तर चळलं नाही ना? विहिरीपाशी पडले तेव्हा काही मार तर बसला नाही? मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. चष्मा कुठे ठेवला विसरले की मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायचे. बाजारातून काय आणलं ते मी मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचे. ते सगळं बरोबर सांगायचे, आणि वरून भेंडीवाल्याने किती मापात मारलं तेही सांगायचे. तरी माझी भीती जात नव्हती.

दिवाळी झाली. माती वाळली, भेगा पडल्या. नवऱ्याने वाकलेल्या सळया सरळ करून आणल्या. उद्यापासून काम सुरू करायचं, असं दादा म्हणाले. त्या संध्याकाळी चुलतभावाने पाठवलेल्या मक्याच्या कणसांचे दाणे काढत ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले होते. मी पोळ्या लाटत होते. माझ्याने राहवेना. मी मान वर न करता विचारलं, "दादा, वावरातल्या बांधाला सांडवा कुठे ठेवायचा असतो?"

"कामून?"

"सांगा ना."

त्यांनी कणीस खाली ठेवलं आणि बोटाने फरशीवर शेत काढलं. उतार कुठला, पाणी कुठून येतं, सांडवा बांधाच्या कोणत्या अंगाला, किती रुंद, खाली दगड कसे लावायचे, म्हणजे पाणी पडून खड्डा पडत नाही. सगळं. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"आणि नाही ठेवला तर?"

"तर बांध फुटतो की. मोठा पाऊस आला की फुटतो."

मी लाटणं ठेवलं. "मग इथे का नाही ठेवला?"

दादांनी पुन्हा कणीस हातात घेतलं. दाणे ताटात पडत राहिले. मला वाटलं, आता ते गोंधळतील, आठवत नाही म्हणतील, आणि मला हवं नसलेलं उत्तर मिळेल.

"ठावं व्हतं मला," ते म्हणाले. "ठेवायचा व्हता. ठेवला नाय."

"का?"

"भिंत पडली की तू बोलावशील म्हणलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कामाबिगर लेकीच्या घरी कसं यावं माय? अन् तिकडं... तिकडं तुझी आई नाय."

तव्यावरची पोळी करपली. मला काही दिसतच नव्हतं. मी त्यांच्यावर नजर ठेवत होते, आणि मी त्यांची भिंत लांबवत होते, आणि ते ती पडेल अशीच ठेवून गेले होते. एका घरात राहून आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी चोरून धडपडत होतो, आणि एकमेकांना सांगायला आमची जीभ उचलत नव्हती. मी पिठाच्या हाताने डोळे पुसले. मग मला रागही आला, येणारच.

"दर रविवारी बोलावत होते ना मी!" मी ओरडले. "या वेळी पाण्याला वाट ठेवा. चांगली भक्कम भिंत बांधा. आणि भिंत टिकली तरी तुम्ही इथून जायचं नाही. लोक बोलतील तर बोलू द्या, मी काही त्यांच्या घरची पोळी खात नाही. मला तुम्ही घरात हवे आहात. काम असो, नसो."

त्यांनी कणसं संपवली, ताट उचलून दाणे डब्यात भरले, जेवले, आतल्या खोलीत जाऊन झोपले. नवऱ्याने खुणेने विचारलं, काय झालं? मी मान हलवली. मलाच माहीत नव्हतं काय झालं ते.

सकाळी मी वेणी घालत होते. नवरा बूट घालून गाडीवर बसतच होता, तेवढ्यात मागच्या अंगणातून दादांची हाक आली.

"पाव्हणं, कामावरून येताना खडी सांगून या. अन् पाण्यासाठी नळ्या आणा, चांगल्या जाडीच्या. या बारीला भिंत पडली नाय पाह्यजे."